डांग्या खोकल्याचा आजचा जिवाणू आणि लसीतला जिवाणू : फरक नेमका किती?

मैत्रेयी_धरमपेठ

नमस्कार मंडळी. माझ्या बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलीला नुकताच डांग्या खोकला झाला. आधी साधी सर्दी वाटली, मग रात्री उबळ येऊ लागली, आणि एकामागून एक ढास लागून शेवटी श्वास आत ओढताना तो ठरावीक लांब आवाज होऊ लागला. डॉक्टरांनी नाकावाटे स्वॅब घेऊन पीसीआर करायला सांगितले आणि अहवाल पॉझिटिव्ह आला. मुलगी आता बरी आहे. तिच्या सगळ्या लसी खासगी दवाखान्यात, ज्याला आपण सगळे 'पेनलेस' म्हणतो त्या प्रकारच्या, कार्डावरच्या तारखांप्रमाणे झालेल्या होत्या, आणि त्यात पाच वर्षांच्या वेळचा बूस्टरही होता.

घरात चर्चा निघाली तेव्हा माझे दीर म्हणाले की लसीत वापरलेला जिवाणू १९५४ साली जपानमध्ये सापडलेला आहे आणि आज फिरणारा जिवाणू त्याच्याहून वेगळा झाला आहे, त्यामुळे ही लस घेणे न घेणे सारखेच. मला हे पटत नाही, पण खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही. आजचा जिवाणू लसीतल्यापेक्षा नेमका कशात वेगळा आहे, आणि त्या फरकाने लस निकामी होते का? माझ्या वहिनीला सहावा महिना लागला आहे, म्हणून हा प्रश्न आमच्या घरी केवळ कुतूहलाचा नाही.

महालकर

वाचतो आहे. आमचे बाळ अडीच महिन्यांचे आहे आणि आम्ही मनपाच्या आरोग्य केंद्रात लस देतो. तिथली लस आणि ताई म्हणतात ती पेनलेस लस यांतला जिवाणू एकच असतो का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

सूक्ष्मदर्शी

मैत्रेयीताई, मी अनेक वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या दिरांचे पहिले वाक्य खरे आहे. जगातल्या बऱ्याच पेनलेस, म्हणजे अपेशीय (अख्ख्या जिवाणूऐवजी त्याची निवडक प्रथिने असलेल्या) लसींसाठी लागणारी प्रथिने 'तोहामा १' नावाच्या स्ट्रेनपासून, म्हणजे जिवाणूच्या एका उपप्रकारापासून, तयार होतात आणि ती १९५४ साली जपानमध्ये एका रुग्णापासून वेगळी केलेली आहे. तिचा संपूर्ण जनुकसंच २००३ साली इंग्लंडमधल्या सँगर संस्थेने प्रसिद्ध केला. तो डीएनएच्या साधारण ४१ लाख अक्षरांचा आहे आणि त्यात आयएस ४८१ नावाचा एकच छोटा तुकडा दोनशेहून अधिक ठिकाणी जसाच्या तसा पुन्हा पुन्हा आलेला आहे. हा तुकडा लक्षात ठेवा, कारण पुढची बरीचशी उलथापालथ त्याच्यामुळे होते. सारख्या तुकड्यांच्या दोन जागा एकमेकींशी जुळल्या की त्यांच्या मधला भाग गळून पडतो किंवा उलटा बसतो, आणि तोच तुकडा उडी मारून एखाद्या जनुकाच्या मधोमध जाऊन बसला तर ते जनुक बंद पडते.

आता फरकाकडे येऊ. या जिवाणूचे मुख्य विष म्हणजे पर्टुसिस टॉक्सिन. तोहामा स्ट्रेनमध्ये या विषाच्या कार्यकारी भागाचे जनुक पीटीएक्स-ए २ प्रकारचे आहे, तर आज जगभर फिरणाऱ्या जिवाणूंमध्ये ते पीटीएक्स-ए १ प्रकारचे आहे. दोन्हींत मोजक्याच अमिनो आम्लांचा फरक आहे. पेशीच्या पृष्ठभागावर पर्टॅक्टिन नावाचे चिकटण्याच्या कामी येणारे प्रथिन असते. लसीतले पर्टॅक्टिन पहिल्या प्रकारचे, तर आजच्या जिवाणूंतले, जिथे ते शिल्लक आहे तिथे, बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असते. हा फरक त्या प्रथिनातल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका छोट्या पट्ट्यात आहे. तिसरा बदल मला अधिक महत्त्वाचा वाटतो. विषाच्या जनुकाच्या आधी, ते जनुक किती चालवायचे हे ठरवणारा जो भाग असतो, त्यातले एक अक्षर बदलले. या नव्या रूपाला पीटीएक्स-पी ३ म्हणतात. त्या एका अक्षराने विष अधिक तयार होते, असे नेदरलँड्समधल्या फ्रिट्स मोई यांच्या गटाने २००९ साली दाखवले. जुने पीटीएक्स-पी १ रूप मागे हटवून हे रूप गेल्या तीन-चार दशकांत बहुतेक देशांत पसरले.

दिरांचे दुसरे वाक्य, म्हणजे लस घेणे न घेणे सारखेच हे, मात्र यातून निघत नाही. लसीने तयार झालेली प्रतिपिंडे विषाच्या एकाच कोपऱ्याला धरत नाहीत. ती अनेक ठिकाणी चिकटतात, त्यामुळे दोन-तीन अमिनो आम्ले बदलल्याने विष ओळखीपलीकडे जात नाही.

जुनी_शुक्रवारी

सर, माहिती उत्तम आहे, पण मला एक गोष्ट खटकते. लस आली आणि त्यानंतर जिवाणू बदलला, याचा अर्थ लसीनेच त्याला बदलायला भाग पाडले असा होत नाही का? आमच्या लहानपणी तीन डोस घेतले की प्रश्न मिटत असे. आता पाच डोस घेऊनही मूल खोकते. या नव्या लसी येण्याआधी असे ऐकिवात नव्हते.

गोरेवाडा_संशोधक

काका, मी जीवतंत्रज्ञानात पीएच.डी. करते आहे आणि आमच्या गटचर्चेत हाच मुद्दा येऊन गेला आहे. लसीचा दबाव हा एक घटक आहे हे आज बहुतेक संशोधक मान्य करतात. १९ देशांमधून गोळा केलेल्या ३४३ स्ट्रेनच्या जनुकसंचांचा एक मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, आणि लसीत असलेल्या प्रथिनांच्या जनुकांमध्येच बदल ठळकपणे दिसतात असे त्यात आढळले. पण सगळा दोष नव्या लसींना देता येत नाही, कारण कालक्रम तसे सांगत नाही. विषाच्या जनुकाचा पहिला बदल जुन्या, संपूर्ण पेशीच्या लसीच्या काळातच होऊन गेला होता. नेदरलँड्समध्ये १९९६ साली मोठी साथ आली तेव्हा तिथे जुनीच लस चालू होती आणि लसीकरणाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर होते.

अपेशीय लसीशी ज्याचा थेट संबंध दिसतो तो बदल वेगळा आहे. २००७ च्या सुमारास फ्रान्समध्ये, आणि त्याआधी जपानमध्ये, असे जिवाणू सापडू लागले की ज्यांच्यात पर्टॅक्टिन तयारच होत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या बालरुग्णांमध्ये ते सापडल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे तिथल्या नमुन्यांत अशाच जिवाणूंचे प्रमाण मोठे निघाले. ऑस्ट्रेलियात २००८ ते २०१२ या साथीच्या काळात त्यांचा वाटा सुमारे ५ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांपर्यंत गेला. विशेष म्हणजे हे जनुक सगळीकडे एकाच रीतीने मोडलेले नाही. कुठे सरांनी सांगितलेला आयएस ४८१ चा तुकडा मध्ये शिरला आहे, कुठे जनुकाचा भाग गळला आहे, कुठे त्याच्या आधीचा मोठा पट्टा उलटा बसला आहे. एकच मोडका पूर्वज जगभर पसरला असता तर सगळीकडे एकच मोडतोड दिसली असती. ठिकठिकाणी स्वतंत्रपणे तेच जनुक बंद पडले, यावरून पर्टॅक्टिन नसण्याचा त्या जिवाणूला फायदा होत असणार असा निष्कर्ष निघतो, आणि हा फायदा मुख्यतः पर्टॅक्टिन असलेली लस घेतलेल्या लोकांमध्ये होतो.

महालकर

ताई, म्हणजे जे प्रथिन ओळखायला लसीने शरीराला शिकवले, तेच जिवाणूने टाकून दिले, असे समजायचे का?

गोरेवाडा_संशोधक

हो, अगदी तसेच. इतवारीच्या गर्दीत एखाद्या माणसाला शोधायला कुणाला पाठवले आणि त्याला डोक्यावरची टोपी, हातातली काठी आणि चालण्याची ढब एवढ्याच खुणा सांगितल्या, तर त्या माणसाने टोपी काढून ठेवली की शोधणाऱ्याचे काम अवघड होते. अवघड होते, अशक्य होत नाही, कारण काठी आणि चाल तशीच आहे. अपेशीय लसीत एक ते पाच प्रथिने असतात. त्यांतले एक हरवले तरी बाकीच्यांविरुद्धची प्रतिपिंडे काम करतात, आणि विषाचे जनुक टाकून दिलेला जिवाणू रुग्णांमध्ये जवळजवळ सापडत नाही.

बालरोग_रामदासपेठ

मी शहरात खासगी प्रॅक्टिस करतो आणि दोन्ही लसी देतो, म्हणून या चर्चेत भाग घेणे मला आवश्यक वाटते.

मैत्रेयीताईंच्या भाचीच्या बाबतीत जिवाणूतल्या फरकापेक्षा संरक्षणाची मुदत हे कारण मला अधिक संभवनीय वाटते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या २०१० च्या साथीनंतर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की अपेशीय लसीच्या पाचव्या डोसनंतर दरवर्षी आजाराची शक्यता सरासरी ४२ टक्क्यांनी वाढत जाते. त्या साथीत ९ हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि १० तान्ही बाळे दगावली. ही घसरण शरीराच्या स्मरणशक्तीची आहे, आणि जिवाणू तंतोतंत १९५४ सालचा असता तरी ती झाली असती.

पर्टॅक्टिन नसलेल्या जिवाणूंविरुद्ध लस चालते का, याचेही उत्तर मोजून मिळालेले आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात साथीच्या वेळी बहुतेक जिवाणू पर्टॅक्टिनविना होते, तरीही तिथे लहान मुलांमधली लसीची परिणामकारकता ८४ टक्के निघाली. डेन्मार्कने तर १९९७ पासून केवळ निष्प्रभ केलेले विष असलेली, म्हणजे एकाच घटकाची अपेशीय लस वापरली. पर्टॅक्टिन त्या लसीत नव्हतेच आणि तरीही आजार आटोक्यात राहिला.

जुनी_शुक्रवारी

डॉक्टरसाहेब, मग जुनी लस सोडलीच कशासाठी? दरवर्षी ४२ टक्क्यांनी धोका वाढतो हे तुम्हीच सांगता आहात, आणि तरी पालकांना दवाखान्यात पेनलेसच पुढे केली जाते. माझ्या नातवाच्या वेळी एका दवाखान्यात तर दुसरा पर्याय आहे हे आम्हाला सांगितलेही नाही. हे मला योग्य वाटत नाही.

बालरोग_रामदासपेठ

काका, पर्याय सांगितला नाही हे चूकच झाले. पालकांना दोन्ही लसींचे गुणदोष सांगितलेच पाहिजेत. पण जुनी लस सोडण्यामागे कारण होते आणि तेही मुलांच्या जिवाशी संबंधित होते. जुन्या लसीने ताप येतो, मांडी सुजते, बाळ तासन्‌तास रडते. १९७४-७५ च्या हिवाळ्यात जपानमध्ये लसीनंतर दोन बाळे दगावली, तेव्हा लसीकरण थांबवले गेले आणि नंतर लोकांनी लसीकडे पाठ फिरवली. परिणामी १९७९ साली तिथे १३ हजारांच्या आसपास रुग्ण आणि ४१ मृत्यू झाले. या अनुभवातूनच युजी सातो यांनी अपेशीय लस घडवली आणि १९८१ पासून ती जपानमध्ये देऊ लागले. जी लस लोक घेत नाहीत ती कितीही चांगली असली तरी बाळाला वाचवत नाही, हा त्या काळाचा धडा होता आणि मी तो आजही गांभीर्याने घेतो.

सूक्ष्मदर्शी

डॉक्टरांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एका ठिकाणी माझे मत वेगळे आहे. दोन्ही लसींतला फरक केवळ मुदतीचा नाही. २०१४ साली अमेरिकेत बबून माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अपेशीय लस दिलेली माकडे आजारी पडली नाहीत, पण त्यांच्या घशात जिवाणू आठवडेच्या आठवडे राहिला आणि त्यांनी तो दुसऱ्या माकडांना दिला. जुनी लस दिलेल्या माकडांनी तो लवकर साफ केला. जी आधी प्रत्यक्ष आजारातून बरी झाली होती, त्यांच्या घशात तो टिकलाच नाही. जुन्या लसीत संपूर्ण जिवाणू असतो, म्हणजे शेकडो प्रथिने एकदम शरीरासमोर येतात आणि पेशींमार्फत होणारा प्रतिकारही अधिक चांगला जागा होतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्येही असे आढळले की ज्यांनी बालपणी जुनी लस घेतली होती ती मुले पुढच्या साथीत अधिक सुरक्षित राहिली. म्हणूनच जे देश संपूर्ण पेशीची लस देत आहेत त्यांनी प्राथमिक डोससाठी तीच चालू ठेवावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ सालची भूमिका आहे, आणि ती मला योग्य वाटते.

महालकरांना उत्तर द्यायचे राहिले. तुमच्या बाळाला केंद्रात जी पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस मिळते तिच्यात संपूर्ण पेशीचा घटक असतो. ही लस २०११ साली केरळ आणि तमिळनाडूत सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत देशभर आली. संपूर्ण पेशीच्या लसीसाठी बहुधा एकाहून अधिक स्ट्रेन एकत्र घेतात. नेदरलँड्सच्या लसीतल्या १३४ आणि ५०९ या स्ट्रेन त्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्याही जुन्याच आहेत, पण आजच्या जिवाणूशी त्यांचे साम्य असलेली प्रथिने इतकी आहेत की एखादे बदलले किंवा हरवले तर फारसे बिघडत नाही.

कन्हान_काठ

मी ग्रामीण भागात आरोग्यसेविका आहे. तापाबद्दल डॉक्टरांनी लिहिले ते आम्ही रोज अनुभवतो. दीड महिन्याचा डोस दिला की रात्री बाळाला ताप येतो, आजी घाबरते, आणि अडीच महिन्यांच्या डोसला ते कुटुंब येत नाही. मग आशाताई घरी जातात, समजावतात, आणि पुढचा डोस दोन महिने उशिरा पडतो. म्हणून मी डोस देतानाच आईला सांगते की आज संध्याकाळी अंग गरम होईल, मांडीवर गाठ येईल, सांगितल्या मापाने पॅरासिटामॉल द्या, अंगावर दूध पाजत राहा, सुईच्या जागी काही चोळू नका. जिला हे आधी सांगितले ती आई पुढच्या वेळी येते. या आजारात जास्त करून तीन महिन्यांच्या आतली बाळे दगावतात, त्यामुळे उशीर परवडत नाही.

इतक्या लहान बाळाला तो आवाज येतही नाही, हेही सर्वांना माहीत असावे. ते खोकता खोकता एकदम थांबते, तोंडाभोवती निळे पडते, मान टाकते, आणि काही वेळा खोकला नसतानाच श्वास थांबतो. आवाज नाही म्हणून डांग्या खोकला नाही, असे कृपया कुणी समजू नये. असे बाळ दिसले की त्याला थेट नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.

महालकर

ताई, मनापासून आभार. अडीच महिन्यांचा डोस या आठवड्यात आहे. तुम्ही सांगितलेले आईला वाचून दाखवले.

पशुमित्र_हिंगणा

मी पशुवैद्य आहे. कुत्र्यांमध्ये जो केनेल कफ होतो त्याला कारणीभूत असलेल्या जिवाणूंपैकी एक बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका हा डांग्या खोकल्याच्या जिवाणूचा जवळचा नातलग आहे. त्याची जनुके सुमारे ५३ लाख अक्षरांची आहेत, म्हणजे माणसातल्या जिवाणूपेक्षा बरीच अधिक. माणसाच्या घशात स्थिरावताना या जिवाणूने नको असलेली जनुके एकेक करून टाकून दिली असे मानतात. मग पर्टॅक्टिनचे जाणे ही नवी गोष्ट आहे, की त्याच जुन्या सवयीचा पुढचा टप्पा?

गोरेवाडा_संशोधक

सर, फार चांगला मुद्दा आहे. जनुके गमावत जाणे हा या जिवाणूचा जुना स्वभाव आहे आणि आयएस ४८१ च्या प्रती हे त्याचे साधन आहे. नवे आहे ते हे की आता कुठले जनुक गेले तर फायदा होईल, हे लसीमुळे ठरू लागले. खुद्द तोहामा स्ट्रेनमध्येही इतर बहुतेक स्ट्रेनमध्ये असलेली काही जनुके नाहीत. म्हणजे ज्याला आपण इतकी वर्षे नमुना मानले, तो त्या जातीचा पूर्ण प्रतिनिधी कधीच नव्हता.

अंबाझरी_सकाळ

पशुमित्र, आमच्या घरी कुत्रा आहे आणि नात येणार आहे. त्याच्या खोकल्याने तिला डांग्या खोकला होईल का?

पशुमित्र_हिंगणा

काकू, नाही. डांग्या खोकल्याचा जिवाणू फक्त माणसात राहतो. नातीला धोका आहे तो घरातल्या खोकणाऱ्या मोठ्या माणसांकडून. तरीही खोकणारा कुत्रा तान्ह्या बाळाजवळ नेऊ नये आणि कुत्र्याची केनेल कफची लस करून घ्यावी.

जुनी_शुक्रवारी

मग सर, आजचा जिवाणू घेऊन नवी लस का बनवत नाहीत? फ्लूची लस दरवर्षी बदलतात ना?

सूक्ष्मदर्शी

काका, फ्लूचा विषाणू ज्या वेगाने बदलतो त्याच्या मानाने हा जिवाणू फार संथ आहे. जगाच्या दोन टोकांवरच्या स्ट्रेनमध्ये ४१ लाखांपैकी काहीशे अक्षरांचा फरक सापडतो. त्यामुळे केवळ स्ट्रेन बदलून मोठा लाभ होईल असे मला वाटत नाही. विष निष्प्रभ करण्याची रीत सुधारणे अधिक फलदायी दिसते. आज बहुतेक लसींत विष रसायनांनी, जसे फॉर्माल्डिहाइडने, मारतात आणि त्यात त्याचा आकार बिघडतो. इटलीत रिनो रॅपुओली यांच्या गटाने जनुकातच दोन बदल करून विष निरुपद्रवी केले. अशा विषापासून बनवलेली लस थायलंडमध्ये मान्यता मिळवून वापरात आली आहे, आणि तिचा प्रतिपिंडांवरचा परिणाम अधिक काळ टिकतो. फ्रान्समध्ये लील येथील पाश्चर संस्थेत कामिय लोख्त यांनी नाकात देण्याची जिवंत पण दुबळी केलेली लस तयार केली असून तिच्या माणसांवरच्या चाचण्या झाल्या आहेत. तिचा मूळ जिवाणू तोहामाच्याच वंशातला आहे. १९५४ सालचा जिवाणू आजही उपयोगाचा मानला जातो, तो यामुळेच.

या लसीचा आरंभ कसा झाला तेही सांगावेसे वाटते. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी प्रयोगशाळेतले दिवसाचे काम आटोपून संध्याकाळी आजारी मुलांच्या घरी जात. रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात मुलासमोर पोषकद्रव्याची उघडी बशी धरत, मूल खोकले की त्यावर थेंब उडत, आणि त्यातून जिवाणू वाढवत. आपल्याच गावात फिरणारा जिवाणू घेऊन त्यांनी लस बनवली. आज ज्याला 'चालू स्ट्रेनवर लक्ष ठेवणे' म्हणतात ते काम त्या दोघी तेव्हा पायी करत होत्या. आपल्याकडेही रुग्णांपासून जिवाणू वाढवून साठवण्याचे काम नेटाने व्हायला हवे, असे मला कळकळीने वाटते. पीसीआर अहवाल फक्त जिवाणू आहे की नाही हे सांगतो. त्यात पर्टॅक्टिन आहे का, त्याचा प्रकार कोणता, तो औषधाला दाद देतो का, हे त्यावरून कळत नाही.

बालरोग_रामदासपेठ

औषधाचा मुद्दा सरांनी काढला ते बरे झाले. चीनमध्ये ॲझिथ्रोमायसिनला दाद न देणारे जिवाणू मोठ्या प्रमाणावर पसरले आहेत. पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या जनुकातले एक अक्षर बदलल्याने हा प्रतिकार येतो. आधी तो जुन्या पीटीएक्स-पी १ गटात होता, अलीकडे पीटीएक्स-पी ३ गटातही सापडतो आहे. वैद्य म्हणून मला पर्टॅक्टिन गमावलेल्या जिवाणूपेक्षा या बदलाची काळजी अधिक वाटते. दर खोकल्याला स्वतःच्या मनाने दुकानातून ॲझिथ्रोमायसिन आणून तीन गोळ्या घेणे कृपया थांबवावे.

मैत्रेयी_धरमपेठ

सगळ्यांचे आभार. मी समजले ते असे की फरक खरा आहे, पण भाचीच्या आजाराचे मोठे कारण लसीचा उतरत जाणारा परिणाम हे असावे. आणि ती इतक्या लवकर सावरली याचे श्रेय लसीलाच द्यायला हवे. आता वहिनीचे सांगा. सरकारी केंद्रात तिला टीडी दिली आहे. तेवढे पुरेल का? जिवाणू बदललेला असताना गरोदरपणात घेतलेल्या लसीचा बाळाला उपयोग होतो का?

बालरोग_रामदासपेठ

टीडी लसीत धनुर्वात आणि घटसर्प यांचेच घटक असतात, डांग्या खोकल्याचा नसतो. त्यासाठी टीडॅप ही लस असते. ती गरोदरपणात साधारण २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान देतात, म्हणजे आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जायला वेळ मिळतो. टीडी केव्हा झाली ती तारीख स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून, टीडॅप कधी घ्यायची ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१२ पासून सर्व गरोदर स्त्रियांना डांग्या खोकल्याचा घटक असलेली लस देऊ लागले आणि लहान बाळांमधला आजार रोखण्यात ती ९० टक्क्यांच्या आसपास परिणामकारक ठरली. तिथे तेव्हा फिरणारे जिवाणू पीटीएक्स-पी ३ गटाचेच होते, म्हणजे तुमच्या शंकेचे उत्तर बदललेल्या जिवाणूसमोरच मिळालेले आहे. २०२४ साली इंग्लंडमध्ये पुन्हा मोठी साथ आली, जवळपास १५ हजार रुग्ण निघाले आणि ११ बाळे दगावली. त्याआधीच्या वर्षांत गरोदर स्त्रियांमधले लसीकरण बरेच घटले होते.

प्रत्येक गरोदरपणात ही लस नव्याने घ्यावी लागते, कारण प्रतिपिंडे लवकर उतरतात.

कन्हान_काठ

मैत्रेयीताई, बाळ आले की घरात जो कुणी दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल त्याला आधी तपासून घ्या. मोठ्या माणसात हा आजार नुसता हट्टी खोकला म्हणून राहतो आणि तोच बाळाला लागतो.

जुनी_शुक्रवारी

पेनलेसबद्दलचे माझे मत तेच आहे. प्राथमिक डोस संपूर्ण पेशीचेच असावेत. पण गरोदर सुनेला टीडॅप द्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डॉक्टरसाहेब, मोठ्या माणसाचा स्वॅब घ्यायचा तर कधी घ्यावा? मला स्वतःला आठवडाभर ढास लागते आहे.

सूक्ष्मदर्शी

काका, आजच घ्या. खोकला सुरू झाल्यापासून पहिल्या तीन आठवड्यांत पीसीआर सर्वांत उपयोगी पडते, आणि जिवाणू वाढवायचा असेल तर पहिले दोन आठवडे अधिक चांगले. नमुना प्रतिजैविक सुरू होण्याआधी घ्यावा लागतो. तो घशातून न घेता नाकातून मागच्या भिंतीपर्यंत बारीक काडी नेऊन घेतात आणि काही क्षण तिथेच धरून ठेवतात. काडीचे टोक साध्या कापसाचे नसावे, पॉलिएस्टरचे किंवा नायलॉनचे असावे, कारण कापसातली द्रव्ये या जिवाणूला वाढू देत नाहीत. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्याची सोय आहे का हे जाण्याआधी फोन करून विचारा, आणि असेल तर डॉक्टरांकडून पीसीआरसोबत कल्चरही लिहून घ्या. निकालाला आठवडा-दीड आठवडा लागतो, पण आपल्या शहरातला जिवाणू कोणत्या प्रकारचा आहे हे त्यातूनच कळू शकेल.